निशाण फडकतं, पण काम करतं का?

आज निशाणांबद्दल बोलू. पण कुठल्याच खऱ्या किल्ल्यावर कधी न फडकलेल्या निशाणांबद्दल. टोल्किनचं रोहान आणि गोंडोर, जॉर्ज आर. आर. मार्टिनचं वेस्टेरोस. चित्रं सुंदर आहेत, टी-शर्टवर छान दिसतात, हे मान्य. माझा प्रश्न एवढाच, की कथेत ती काही काम करतात, की दुकानाच्या पाटीसारखी नुसती लटकतात?

आधी थोडं तांत्रिक. युरोपातल्या ढालींच्या शास्त्रात सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे 'धातू'. लाल, निळा, काळा, हिरवा हे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. कारण साधं, लांबून ओळखू आलं पाहिजे. रोहानचा हिरव्यावर पांढरा घोडा यात चोख बसतो. टार्गेरियनांचा काळ्यावर लाल ड्रॅगन बसत नाही. पण त्यावरून मार्टिनला नापास करणं पोरकटपणा आहे. खुद्द जेरुसलेमच्या क्रुसेडर राज्याचं चिन्ह चांदीवर सोनं होतं!

माझी तक्रार दुसरी आहे. मार्टिनच्या जगात चिन्ह म्हणजेच स्वभाव होऊन बसतं. स्टार्क लांडग्यासारखे, लॅनिस्टर सिंहासारखे, आणि बोल्टनांच्या निशाणावर सोललेला माणूस, म्हणजे ते कसे असणार हे वेगळं सांगायलाच नको. (हशा) 1996च्या पहिल्या कादंबरीत सुरुवातीलाच मादी लांडगा मरून पडलेली दिसते, घशात हरणाचं शिंग रुतलेलं. हरीण हे राजा रॉबर्टच्या बॅराथिअन घराण्याचं चिन्ह. प्रसंग जबरदस्त आहे, मी नाकारत नाही. पण वाचकाला हळूहळू सवय लागते: घराणं कळलं की माणूस कळला. आडनाव विचारून माणूस जोखण्याची खोड आपल्याला नवी नाही, म्हणून ही सवय मला जास्त टोचते.

आता टोल्किन बघा. गोंडोरच्या कारभाऱ्यांचं निशाण कोरं पांढरं आहे, त्यावर काहीच नाही. राजा नाही, म्हणून चिन्ह नाही. गैरहजेरीचं इतकं नेमकं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. मग पेलेनॉरच्या लढाईत चाच्यांची काळी जहाजं येतात, सगळ्यांचा धीर सुटतो, आणि पुढच्या जहाजावर आर्वेनने विणलेलं निशाण उलगडतं: पांढरं झाड, सात तारे, वर मुकुट. युद्धाचं पारडं फिरतं. मला मात्र त्यानंतरची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जिंकल्यावर आरागॉर्न ते निशाण गुंडाळतो. शहरात हक्क सांगत शिरायची वेळ अजून आलेली नाही, असं त्याचं म्हणणं. हक्क असणं आणि तो गाजवणं यातलं अंतर टोल्किन एका कापडाच्या घडीत दाखवतो.

जाता जाता, टोल्किनने एल्फ घराण्यांसाठी काढलेल्या चिन्हांत पुरुषांना शंकरपाळ्याचा आकार दिला, स्त्रियांना वर्तुळ. इंग्लंडच्या रिवाजात शंकरपाळा स्त्रियांचा. परंपरा नीट ठाऊक असलेला माणूसच ती अशी उलटवतो.

मार्टिनवर अन्याय नको. जॉफ्रीच्या निशाणावर हरीण आणि सिंह समोरासमोर आहेत, आणि वाचकाला माहीत असतं की त्यातलं हरीण खोटं आहे, कारण तो रॉबर्टचा मुलगाच नाही. इथे निशाण खोटं बोलतं, आणि तिथेच ते जिवंत होतं. स्टॅनिसच्या नव्या निशाणावर त्याच्या घराण्याचं हरीण धगधगत्या हृदयात कोंडलेलं आहे. नव्या देवाने जुनं घराणं कसं गिळलं ते दुसऱ्या कशाने इतकं कळलं नसतं.

आणि डॅव्हॉस. वेढ्यात उपाशी मरणाऱ्या किल्ल्यात त्याने चोरट्या वाटेने कांदे आणि खारवलेले मासे पोचवले. स्टॅनिसने त्याला सरदारकी दिली आणि आधीच्या चोरट्या व्यापाराबद्दल चार बोटांची टोकं छाटली. डॅव्हॉसने निशाण घेतलं काळं जहाज, शिडावर कांदा. बाकीचे सरदार हसतात. त्याला हे चिन्ह वारशाने मिळालेलं नाही, ते एका रात्रीच्या कामाचं आहे. छाटलेल्या बोटांची हाडं मात्र निशाणावर नाहीत. ती त्याने गळ्यात, एका छोट्या थैलीत ठेवली.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.