वस्त्रांचे छायाचित्रण आणि दर्शनाची शिस्त

छायाचित्रकाराने आपल्या निवडक कामाचे संकेतस्थळ उभारणे ही आता केवळ व्यापारी जाहिरात राहिलेली नाही. ती एक रचना झाली आहे, आणि रचना म्हटली की तिची समीक्षा ओघानेच आली. वस्त्रप्रावरणांचे, म्हणजे लोक ज्याला फॅशन म्हणतात त्याचे, छायाचित्रण करणाऱ्याची उपजीविका पुष्कळदा या मांडणीवरच अवलंबून असते. ग्वाल्हेरच्या कंपूतील होतकरू तरुण मुंबईच्या प्रत्येक संपादकाच्या दारी जाऊन उभा राहू शकत नाही. त्याच्या वतीने त्याचे संकेतस्थळ उभे राहते. ते नीट बोलले नाही, तर त्याचे कौशल्य घरातच राहते.

कंपू हा लष्करचा भाग. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ येथे पडला आणि तळाचेच शहर झाले. या शहराचे वस्त्रांशी नाते जुने आहे. चंदेरी ही पूर्वी शिंद्यांच्याच राज्यात होती. पुढे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ग्वाल्हेर रेयॉनच्या सुटिंगच्या जाहिरातींत मन्सूर अली खान पतौडी झळकले, आणि ग्वाल्हेरचे नाव कापडाच्या निमित्ताने देशभर पोहोचले. येथील छायाचित्रकारास विषय उसना आणण्याचे कारण नाही.

असे असूनही लहान शहरांतील या प्रकारच्या संकेतस्थळांत दोन दोष वारंवार आढळतात. एक अनुकरणाचा: मुंबईच्या मासिकांतील उभे राहण्याच्या तऱ्हा, तीच पडकी भिंत, तीच रुसलेली मुद्रा. दुसरा हव्यासाचा: लग्न, बारसे, दागिन्यांचे दुकान आणि रेशमी साडी, सारे एकाच पानावर. या हव्यासामागे भीती असते. जे दाखवले नाही त्याचे गिऱ्हाईक जाईल, ही ती भीती. लग्नसराईवर घर चालवणाऱ्यास ती वाटावी हे आम्ही समजू शकतो. पण त्यावर उपाय लग्नाचे काम निराळ्या दालनात ठेवण्याचा आहे, सरमिसळीचा नव्हे.

आमच्या वाचकांस ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. कोल्हापुरास नवरात्रात अंबाबाईची पूजा रोज निराळ्या रूपात बांधतात; एका दिवशी नऊ रूपे कोणी बांधीत नाही. ग्वाल्हेरच्या फुलबागेतील गोपाळमंदिरात राधाकृष्णांचे शिंदेकालीन रत्नालंकार बँकेच्या तिजोरीतून जन्माष्टमीसच बाहेर येतात. साज कोणता, कोणत्या क्रमाने आणि किती वेळ, हे ठरलेले असते, म्हणूनच ते दर्शन होते. एरवी ते प्रदर्शन झाले असते. संग्रह बांधणाऱ्याने पुजाऱ्यापासून एवढे अवश्य घ्यावे. पंधरा-वीस चित्रे पुरेत. पहिले चित्र सर्वांत समर्थ असावे, शेवटचे त्याच्या तोडीचे असावे, आणि मधल्या प्रत्येकाने आधीच्यापेक्षा काही निराळे सांगावे.

मराठी माणसापुढे या क्षेत्रात गौतम राजाध्यक्षांचे (१९५०–२०११) उदाहरण आहे. त्यांच्या १९९७ च्या ‘फेसेस’ या ग्रंथात दुर्गा खोट्यांपासून ऐश्वर्या रायपर्यंतचे चेहरे आहेत, आणि चित्रांबरोबर त्या व्यक्तींविषयीचे लेखनही आहे. वस्त्र, प्रकाश आणि मुद्रा ही सारी त्या माणसाच्या सेवेस उभी आहेत. त्यांच्या प्रकाशाचे अनुकरण अनेकांनी केले. निवडीमागची ही दृष्टी मात्र थोड्यांनीच उचलली.

कंपूतल्या तरुणासाठी खरी कसोटी चंदेरीची आहे. रेशमाचा ताणा, सुताचा बाणा, आणि रेशमावरचा नैसर्गिक डिंक न काढल्यामुळे येणारी पारदर्शक झळाळी हे या वस्त्राचे वैशिष्ट्य होय. समोरून प्रखर प्रकाश टाकला की ती झळाळी मरते. मागून वा बाजूने हळुवार उजेड दिला तर पोत आणि बुट्टी दोन्ही जिवंत होतात. ज्याला हे साधले, त्याने ते एक चित्र अग्रभागी ठेवावे. मात्र ते मोबाइलच्या लहान पडद्यावरही खुलते की नाही, मंद जाळ्यावर उघडते की नाही, आणि साडीचा रंग तोच राहतो की नाही, हे स्वतः पाहावे. चित्र उघडण्याची वाट पाहण्याइतका धीर आज कोणापाशी नाही. संपर्काचा मार्गही प्रत्येक पानावर सहज सापडावा.

शेवटचा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चंदेरीस २००५ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला; गावाच्या नावास संरक्षण लाभले, परंतु चित्राखाली विणकराचे नाव क्वचितच येते. शिंपी आणि रंगभूषाकार हेही असेच अनाम राहतात. आणि जिच्या अंगावर ते वस्त्र आहे, त्या मुलीची लेखी संमती, ती अल्पवयीन असेल तर तिच्या पालकांचीही, घेतल्यावाचून तिचे चित्र जगापुढे मांडण्याचा अधिकार कोणास नाही. कंपूसारख्या एकमेकांस ओळखणाऱ्या वस्तीत एका चित्राने घराची शांती जाऊ शकते, आणि एकदा पसरलेले चित्र पुन्हा गोळा करता येत नाही.

तेव्हा अशा संकेतस्थळाचे मूल्यमापन आम्ही तीन प्रश्नांनी करू: त्यात निवड आहे काय, त्या मातीची ओळख आहे काय, आणि ज्यांच्या श्रमावर व विश्वासावर ते उभे आहे त्यांचा मान राखला आहे काय? पहिल्या दोहोंनी काम मिळेल. ते टिकेल तिसऱ्याने.