कृष्णधवल निगेटिव्हचे स्कॅनिंग : छटांचा अन्वयार्थ

कृष्णधवल निगेटिव्हचे स्कॅनिंग ही निव्वळ यांत्रिक नक्कल होय, असा समज रूढ आहे. तो तपासण्यासाठी ॲन्सेल ॲडम्स यांचे ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ (१९४१) हे छायाचित्र उपयुक्त ठरते. या एकाच निगेटिव्हवरून ॲडम्स यांनी अनेक दशके प्रिंट काढल्या. आरंभीच्या प्रिंटमध्ये आकाश करडे असून त्यात पुसट ढग दिसतात. १९७० च्या दशकातील प्रिंटमध्ये ते जवळजवळ काळेभोर आहे. अग्रभागाचा कॉन्ट्रास्ट वाढावा म्हणून १९४८ मध्ये त्यांनी निगेटिव्हच्या त्या भागावर रासायनिक प्रक्रियाही केली. निगेटिव्ह ही स्वरलिपी, तर प्रिंट हे तिचे सादरीकरण, ही त्यांची उपमा येथे सार्थ वाटते.

स्कॅनरमधील ‘ऑटो’ सोय हे सादरीकरण परस्पर उरकून टाकते. ती गडद व उजळ अशी दोन्ही टोके ताणते. त्यामुळे चित्र उठावदार दिसते; परंतु सावलीतील व प्रखर उजेडातील तपशील त्या फाइलमधून कायमचा गळू शकतो. ८ बिटच्या करड्या स्कॅनमध्ये छटांच्या २५६, तर १६ बिटमध्ये ६५,५३६ पातळ्या नोंदवता येतात. म्हणूनच प्रथमदर्शनी निस्तेज भासणारा १६ बिटचा स्कॅन सदोष न मानता पुढील अर्थनिर्णयाची सामग्री मानणे योग्य होय.

सारांश, संग्रहालयांनी व ग्रंथालयांनी मूळ स्कॅन जसाच्या तसा जतन करावा, छटा निश्चित केलेली प्रत स्वतंत्र ठेवावी आणि ती कोणत्या निकषांवर सिद्ध केली याची नोंद करावी. अन्यथा यंत्राची अभिरुचीच इतिहासाची साक्ष म्हणून स्वीकारली जाईल.