गाळ काढा, नाटक जगेल

सांस्कृतिक धोरणावरच्या परिसंवादांत हल्ली पर्यावरणाची भाषा फार ऐकू येते. कलेची परिसंस्था, कलेचं जैववैविध्य, मुळं, माती. ऐकायला बरं वाटतं. मग मागण्यांची यादी निघते: जिल्ह्याला एक वातानुकूलित नाट्यगृह, आणखी एक महोत्सव, अनुदानात वाढ. भाषा जंगलाची, अंदाजपत्रक बांधकाम खात्याचं.

ब्रिटनमध्ये संस्कृतीचे अभ्यासक जॉन होल्डन यांनी २०१५ साली ही मांडणी केली, तेव्हा तिच्यात दम होता. अनुदानावरची, धंद्याची आणि घरगुती-हौशी संस्कृती एकमेकींच्या आधाराने जगतात. एकीचाच ताळेबंद मांडून काही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आपण त्यातली परिभाषा तेवढी उचलली. महाराष्ट्राचं २०१० चं सांस्कृतिक धोरण झालं, २०२४ मध्ये नवं आलं. चर्चा मात्र अजून कोणाला किती मिळालं यापुढे सरकत नाही. महोत्सवांबद्दल तर बोलायलाच नको. मांडव उतरला की गावात उरतो तो फ्लेक्स.

परिसंस्था बघायची तर वडशाला जा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाची झाडीपट्टी रंगभूमी इथून हलते. धान कापून घरात येतं, बांध्या मोकळ्या होतात, हातात पैसा खेळतो आणि दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम लागतो. गावातलं मंडळ नाटक कंपनीशी ठरवतं, मोकळ्या जागेत रंगमंच उभा राहतो, तिकिटं लावली जातात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. पाहुणे मुक्कामाला येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टीही इथेच निघतात. नागपूरहून नट्या येतात, पुढे बसलेला प्रॉम्प्टर रात्रभर संवाद पुरवतो. मेलोड्रामा भडक असतो, विनोद कधी कधी पाचकळ. पुण्या-मुंबईच्या समीक्षकाने नाक मुरडायला भरपूर वाव आहे. पण तिकीट काढून रात्रभर बसणारा प्रेक्षक त्याच्या लाडक्या प्रायोगिक नाटकाला कधी मिळाला? झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच्या कितीतरी आधीपासून हा प्रेक्षक तिथे बसलेला होता.

आता या नाटकाला धोक्याचं काय? नाट्यगृह नसणं हा धोका नव्हेच. २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी आली, पुढे ती उठली. ती योग्य की अयोग्य हा वाद वेगळा; पण दिवसाचा पट बंद झाला तर रात्रीच्या नाटकाचं काय, हा प्रश्न सांस्कृतिक खात्याच्या कक्षेत येतो, असं कुणाला वाटलं? आणि धानाचं काय? इथलं धान पिढ्यानपिढ्या मामा तलावांवर, म्हणजे माजी मालगुजारी तलावांवर पोसलं गेलं. तलाव गाळाने भरला, पाळ फुटली, की धान जातं. धान गेलं की मंडळ कंपनीला बोलावणार कशाच्या जोरावर? पण तलाव एका खात्याकडे, धान दुसऱ्याकडे, नाटक तिसऱ्याकडे. तमाशाचंही हेच. नारायणगावच्या राहुट्यांत ठरणाऱ्या सुपाऱ्या गावोगावच्या जत्रांवर अवलंबून असतात, फडाच्या अनुदानावर नव्हे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. वडशात सिमेंटचं नाट्यगृह बांधू नका. तेवढा पैसा आधी तलावांतला गाळ काढायला द्या, आणि तो सांस्कृतिक खात्याच्या खर्चात दाखवा.