तसबिरीचा घोटाळा आणि चुकलेला डबा

प्रेमकथेतील ओळखीची चूक मराठी रसिकाला नवी नाही. गोविंद बल्लाळ देवल यांच्या १८९३ सालच्या 'फाल्गुनराव' या नाटकाला 'तसबिरीचा घोटाळा' असे दुसरे नाव होते. मोलिएरच्या मूळ कल्पनेवरून आर्थर मर्फीने इंग्रजीत रचलेल्या नाटकाचा तो मराठी अवतार. पुढे त्यात पदे घालून त्याचे 'संगीत संशयकल्लोळ' झाले आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. रस्त्यात भोवळ आलेल्या रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती फाल्गुनरावांच्या कृत्तिकेला सापडते आणि तेथून संशयाचा वणवा पेटतो. गंमत अशी की, तसबीर खरी असते. चेहरा ज्याचा त्याचाच असतो. ती कोणाच्या हाती दिसली एवढ्यावरून सारा गोंधळ. आज आपल्या मुलामुलींच्या मोबाइलवर ज्या तसबिरी येतात, त्यांच्याविषयी एवढीही हमी देता येत नाही.

नवी मुंबईतील आपल्या धर्मग्रामांना तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. सिडकोची स्थापना १९७० ची. त्यानंतर वसईहून, गोव्याहून, मंगळूरहून, केरळातून, नगर जिल्ह्यातून आलेली कुटुंबे येथे एकाच जिन्यावर राहू लागली. गावाकडे एखाद्या मुलाचे नाव निघाले की, त्याच्या आजोबांपर्यंतची माहिती रविवारची मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारातच मिळत असे. वाशी, नेरूळ वा पनवेलच्या सेक्टरांत ती सोय नाही. प्रथम संगणकावरची विवाहमंडळे आली, २०१२ नंतर टिंडरसारखी ॲप आली, आणि 'कोणाचा कोण' हा जुना प्रश्न विचारायला घरात कोणी उरलेच नाही. त्यातून काही संसार उत्तम उभे राहिले, हेही आम्ही पाहतो. परंतु पडद्यापलीकडचा माणूस तोच आहे काय, ही धास्ती आईबापांच्या मनातून जात नाही.

या विषयावर बोलण्यासाठी आम्ही जो चित्रपट निवडला आहे, त्यात नायक-नायिकेच्या मध्ये संगणक येतच नाही. रितेश बत्रा यांचा 'द लंचबॉक्स' २०१३ च्या सप्टेंबरात आपल्याकडे प्रदर्शित झाला; त्याच वर्षी कान महोत्सवात तो वाखाणला गेला होता. असे असूनही अनोळखी माणसावर अक्षरांतून जडणाऱ्या प्रेमाविषयी आपल्याकडे याहून नेमके कोणी सांगितले असेल, असे आम्हांला वाटत नाही. शिवाय त्याचा नायक आपल्यापैकी आहे: साजन फर्नांडिस, विधुर, सरकारी कचेरीत पस्तीस वर्षे दाव्यांच्या फायली तपासून आता निवृत्तीला आलेला. ही भूमिका इरफान खान यांनी केली. २०२० साली ते गेले. त्यांच्या सर्वांत संयत कामांत ही भूमिका आम्ही धरतो.

कथानक बहुतेकांना ठाऊक आहे. इला (निम्रत कौर) नवऱ्याचे मन पुन्हा जिंकावे म्हणून वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंच्या सल्ल्याने डबा करते. या काकू पडद्यावर कधीच दिसत नाहीत. भारती आचरेकर यांचा नुसता आवाज वरून येतो, आणि त्या आवाजाने अख्खे घर उभे राहते. डबा चुकून साजनकडे जातो. संध्याकाळी नवरा 'आलू-गोबी छान होती' असे सांगतो, तेव्हा इलाला घोटाळा कळतो, कारण तिने ती भाजी केलेलीच नसते. दुसऱ्या दिवशी ती डब्यात चिठ्ठी ठेवते. रिकामा डबा परत पाठवल्याबद्दल आभार मानते. उत्तर येते: आज मीठ जास्त झाले होते.

डब्यावर नाव नसते, खूण असते. रंग, आकडे, अक्षरे यांवरून तो घरून कचेरीत आणि कचेरीतून घरी फिरतो. रोज तोच डबा रोज त्याच चुकीच्या टेबलावर जाईल, हे कोणाही डबेवाल्याला पटणार नाही. चित्रपटातल्या डबेवाल्यालाही पटत नाही. हार्वर्डच्या माणसांनी येऊन आमचे काम पाहिले, चूक होणे शक्य नाही, असे तो इलाला ठणकावून सांगतो. प्रेक्षागृहात येथे हशा पिकतो. कथेच्या शक्याशक्यतेवरचा आक्षेप पात्राच्याच तोंडी घालून दिग्दर्शक मोकळा होतो, ही युक्ती आम्हांला आवडली.

मात्र या चित्रपटाचे खरे बळ चिठ्ठ्यांत आहे. साजन काय लिहितो ते पाहावे. आपली पत्नी दूरदर्शनवरच्या जुन्या मालिका ध्वनिचित्रफितींवर उतरवून ठेवत असे, हे तो लिहितो. पत्नीला दफनभूमीत आडवी जागा मिळाली. आपण स्वतःसाठी विचारायला गेलो तर उभी जागा देऊ केली गेली, जन्मभर गाडीत आणि बसमध्ये उभे राहिलो, आता मेल्यावरही उभेच राहायचे, असे तो लिहितो. इतरांना हा काळा विनोद वाटेल. मुंबईच्या धर्मग्रामांत ज्यांनी कबरीच्या जागेसाठी हेलपाटे घातले आहेत, वडिलांची कबर ठरावीक मुदतीनंतर पुन्हा उघडली जाताना पाहिली आहे, त्यांना हसता हसता गप्प व्हावे लागते. हिंदी चित्रपटाने कॅथलिक माणसाला वर्षानुवर्षे बाटली, गिटार आणि मोडके हिंदी एवढ्यावर भागवले. येथे प्रथमच त्याला दफनभूमीची चिंता दिली. बाल्कनीत सिगारेट ओढत तो समोरच्या घरातले कुटुंब जेवताना पाहत राहतो आणि तिथली मुलगी खिडकी लावून घेते, या दृश्यासाठी तर आम्ही दिग्दर्शकाचे ऋणी आहोत. ('साजन' हे नाव मात्र आमच्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत सापडणे कठीण. घरचे लाडाचे नाव असावे, असे समजून घेऊ.)

नावावरून आठवले. समोरच्याचे नाव कळल्यावर इला देशपांडे काकूंना 'साजन' चित्रपटातली गाणी लावायला सांगते. लॉरेन्स डिसोझा यांचा १९९१ चा तो चित्रपट म्हणजे ओळखीच्या चुकीचीच कथा: टोपणनावाने कविता लिहिणारा अमन, त्या कवीवर भाळलेली पूजा, आणि अमनच्या सांगण्यावरून कवी म्हणून तिच्यापुढे उभा राहिलेला त्याचा मित्र. बत्रा यांनी ही गाणी केवळ नावाच्या कोटीसाठी घेतली, असे आम्हांला वाटत नाही. तेथे त्यागाच्या नावाखाली तिघांपैकी दोघे जण तिसरीला अंधारात ठेवतात, आणि प्रेक्षकाने त्या त्यागावर अश्रू ढाळावे अशी अपेक्षा असते. पूजेला विचारायचे कोणालाही सुचत नाही.

या ठिकाणी आम्हांला एक इंग्रजी चित्रपट शेजारी ठेवावासा वाटतो. नोरा एफ्रन यांचा 'यू हॅव गॉट मेल' १९९८ चा. संगणकावरील पत्रव्यवहारातून जमलेल्या प्रेमाची ती गाजलेली कथा. तिचे मूळ मिक्लोश लास्लो या हंगेरियन नाटककाराच्या १९३७ च्या नाटकात आहे आणि त्यावर अर्न्स्ट लुबिच यांनी १९४० मध्येच एक चित्रपट केला होता. म्हणजे संगणक यायच्या पूर्वीच ही कथा टपालाने येऊन गेली होती. एफ्रन यांच्या चित्रपटात लहान मुलांच्या पुस्तकांचे छोटे दुकान चालवणारी कॅथलीन आणि तिचे दुकान बुडवणारा पुस्तकांचा बडा व्यापारी जो फॉक्स एकमेकांना खऱ्या नावाने ओळखतात तेव्हा वैरी असतात, आणि टोपणनावाने लिहितात तेव्हा जिवलग. भेट ठरते. ती उपाहारगृहात फूल आणि पुस्तक ठेवून वाट पाहत बसते. तो बाहेरून पाहतो आणि चमकतो: ही तर तीच! तो आत जातो, तिच्यासमोर बसतो, परंतु आपण कोण हे सांगत नाही. पुढे बराच काळ तो दोन्ही बाजूंनी तिच्याशी बोलत राहतो. एकीकडे मित्र होऊन, दुसरीकडे पत्रांतून सल्ला देऊन. अखेर बागेत ती त्याला पाहते आणि आनंदाने रडते. आम्हांला तो आनंद कधीच पुरता पटला नाही. तिने पत्रांतून उघड केलेले मन त्याने महिनोन्‌महिने पत्त्यांसारखे हातात धरले आणि तिचे पत्ते पाहून आपली खेळी केली. टॉम हँक्स यांचा चेहरा भला आहे म्हणून हे खपून जाते.

'द लंचबॉक्स'मध्येही हाच प्रसंग आहे. इला भेट ठरवते, उपाहारगृहात बसते, पाण्याचे पेले रिकामे करते. साजन येतो, दुरून तिला पाहतो आणि तिच्या टेबलापाशी जात नाही. त्याच सकाळी न्हाणीघरात त्याला आपल्या आजोबांचा वास आला होता, आणि क्षणभराने कळले होते की, तो वास आपलाच आहे. गाडीत एका तरुणाने उठून त्याला जागा दिली होती. येथेही पुरुषाला कळलेले असते आणि स्त्रीला नसते. फरक पुढचा आहे. दुसऱ्या दिवशी इला रिकामा डबा पाठवते. साजन उत्तरात सगळे लिहून टाकतो: मी आलो होतो, तुला पाहिले, तू तरुण आहेस, मी म्हातारा झालो आहे. जे एकाला ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, असे त्यांच्यात एका रात्रीपलीकडे काही राहत नाही. या एका चिठ्ठीमुळे आम्ही हा चित्रपट एफ्रन यांच्या चित्रपटाच्या वर ठेवतो. डबा चुकला हा योगायोग. चूक कळल्यावर माणूस किती वेळ गप्प बसतो, तेथे प्रेमकथेचा कस लागतो.

कोणी म्हणेल, एवढ्याशा मौनाचा इतका बाऊ कशाला? आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच' (१९६२) आठवून पाहावे. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे नावे आणि वेष बदलून बायकांना फसवतो, आणि न्यायालयात प्रत्येकीसमोर 'तो मी नव्हेच' म्हणतो. प्रभाकर पणशीकर यांच्या अभिनयापुढे आपण टाळ्या वाजवतो; पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येणाऱ्या त्या स्त्रियांची अवस्था नाटकाबाहेर काय झाली असती, हे कोणी विचारीत नाही. जो फॉक्स लखोबा नव्हे, हे उघडच आहे. तरी दोघांच्या हातात असलेले साधन एकच: मला ठाऊक आहे, तुला नाही.

ख्रिस्तसभेच्या कायद्यानेही हा भेद ओळखला आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. १९८३ च्या कॅनन लॉ संहितेच्या १०९७ व्या कलमानुसार व्यक्तीच माणसाने समजली होती त्याहून वेगळी निघाली तर विवाह अवैध ठरतो. मात्र तिच्या एखाद्या गुणाविषयी नुसती चूक झाली तर तेवढ्याने सहसा ठरत नाही. त्यापुढचे १०९८ वे कलम त्या संहितेत नव्यानेच आले. संमती मिळवण्यासाठी मुद्दाम फसवणूक केली आणि ती वैवाहिक जीवन गंभीरपणे बिघडवणाऱ्या गुणाविषयी असली, तर विवाह अवैध. चुकीला एक माप आणि कपटाला दुसरे. उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोबाच्या काळी असे कलम नव्हते. पहाटे त्याला दिसले की, वधू राहेल नसून लेआ आहे, आणि लाबानाने वर आणखी सात वर्षांची चाकरी मागितली. अर्थात याच याकोबाने पूर्वी हातांना करडांची कातडी बांधून आंधळ्या बापाला आपण एसाव असल्याचे सांगितले होते, हेही विसरता येत नाही.

'द लंचबॉक्स'वर आमचा एक आक्षेप आहे आणि तो लहान नाही. इला विवाहिता आहे, तिला शाळकरी मुलगी आहे. तिच्या पत्रमैत्रीने आपली नीतिबुद्धी अस्वस्थ होऊ नये म्हणून दिग्दर्शकाने नवऱ्याला आधीच दोषी करून ठेवले आहे. कपडे धुताना इलाला त्याच्या सदऱ्याला परक्या सुगंधाचा वास येतो आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. हा नवरा चित्रपटभर मोबाइलमध्ये मान घालून बसलेला आहे. त्याला एकही बरा प्रसंग दिलेला नाही. साजनच्या वाट्याला दफनभूमीपर्यंतचा तपशील आणि याच्या वाट्याला नुसती पाठ, हे न्याय्य नव्हे. पती मोडकाच दाखवायचा तर तो कसा मोडला, हे सांगायला हवे होते. इलाच्या आईच्या तोंडी मात्र आजारी पतीच्या दीर्घ सेवेविषयी काही वाक्ये आहेत. पतीचे शव घरात असताना आपल्याला भूक लागली आहे, असे ती सांगते. लिलेट दुबे यांनी ती इतक्या कोरड्या स्वरात म्हटली आहेत की, एका लांबलेल्या संसाराचा सगळा शीण त्यांत ऐकू येतो. असा एक तरी क्षण त्या नवऱ्याला मिळता तर चित्रपट अधिक अवघड आणि अधिक खरा झाला असता.

शेवटाविषयी आपल्या घरांत नेहमी वाद होतो. साजन निवृत्त होऊन नाशिकला निघतो आणि परत फिरतो. इला त्याच्या कचेरीत शोध घेऊन आलेली असते. आता ती सामान बांधून, मुलगी शाळेतून यायची वाट पाहत, भूतानला जायचा बेत मनात धरून बसली आहे. साजन भजन म्हणणाऱ्या डबेवाल्यांबरोबर गाडीत बसला आहे. रिकामे डबे ज्या वाटेने घरी जातात, त्याच वाटेने तो तिचे घर शोधायला निघाला आहे. तो पोहोचला की नाही, हे बत्रा सांगत नाहीत. आमच्या ओळखीच्या बहुतेक स्त्रियांचे म्हणणे असे की, तो पोहोचला; पुरुषांचे म्हणणे, ती तोवर निघून गेली. आम्हांला वाटते, गाडी अजून चालू आहे आणि त्याने या वेळी नाव लपवलेले नाही, एवढेच दिग्दर्शकाला दाखवायचे होते.