तुकडा आणि वडी

अमेरिकेत मे महिना सरत आला, ग्रिलचा हंगाम सुरू झाला, की सुपरमार्केटच्या दाराशी कोळशाच्या पिशव्यांच्या थप्प्या लागतात. त्यांत दोन जाती असतात. एक लम्प चारकोल, म्हणजे लाकडाचे वेडेवाकडे काळे तुकडे. आपला लोणारी कोळसाच तो. दुसरी ब्रिकेट, म्हणजे कोळशाची भुकटी साच्यात दाबून पाडलेल्या वड्या. परसात ग्रिल पेटवणाऱ्यांमध्ये या दोघांवरून जुना वाद आहे आणि तो बहुधा चवीवर येऊन अडकतो. लम्पवाले ब्रिकेटला कारखान्याचा माल म्हणून नाक मुरडतात. मला हा वाद फार घाईने मिटवलेला वाटतो. चवीकडे जाण्याआधी हे दोन्ही कोळसे नीट पाहिले पाहिजेत, ते जळताना काय करतात हेही.

लम्पचा एक तुकडा आडवा मोडून पाहा. त्यात झाडाच्या वाढीची वलयं दिसतात, फांदीची गाठ दिसते, भिंग लावलं तर पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची बारीक भोकंही. लाकूड पुरेशा हवेविना तापवलं की त्यातलं पाणी, आम्लं, डांबर सगळं निघून जातं. वजन चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं, पण लाकडाची घडण जागच्या जागी राहते. ती इतकी शाबूत असते की हजारो वर्षांपूर्वीच्या चुलीत सापडलेला कोळसा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तो कोणत्या झाडाचा होता, हे पुरातत्त्वाचे अभ्यासक ओळखतात. ओकसारख्या कठीण लाकडाचे, नीट जळलेले दोन तुकडे एकमेकांवर टेकवले तर काचेच्या बांगड्यांसारखे किणकिणतात. कच्चा राहिलेला तुकडा बद्द वाजतो, आणि पुढे धूर करतो तो हाच.

या भोकांतून हवा आत खेळते, म्हणून लम्प लवकर पेट घेतो. हवा मोकळी मिळाली की त्याची धग पार डोळ्यांवर येते. पण पिशवीत मुठीएवढा तुकडा असतो, बोटाएवढा असतो आणि तळाशी नुसता चुरा. चुरा खाली पडला तर हवा कोंडते. मोठा तुकडा बाकीचे विझत आल्यावर लाल होतो. त्यामुळे लम्पवर शिजवणाऱ्याला चिमटा हातातून खाली ठेवता येत नाही. इकडचा निखारा तिकडे सारायचा, जाळीवरचा मासा थंड कोपऱ्यात न्यायचा, ठिणग्या उडाल्या की मागे सरायचं. स्टेकसारखं दहा मिनिटांत आटपणारं काम असेल तर या धावपळीचं चीज होतं.

आता वडी. मधोमध फुगीर, कडेला निमुळती, एकीसारखी दुसरी. साच्यातल्या कोळशाचं अमेरिकी पेटंट 1897 साली पेनसिल्व्हेनियाच्या एल्सवर्थ झ्वॉयर यांनी घेतलं, पण ती घराघरांत पोचली हेन्री फोर्ड यांच्यामुळे. मॉडेल टी गाडीत लाकूड पुष्कळ लागे. एडवर्ड किंग्जफर्ड या नातलगाच्या मदतीने फोर्ड यांनी मिशिगनमध्ये आयर्न माउंटनच्या आसपास जंगल घेतलं, गिरणी घातली. गिरणीत तुकड्यांचे, भुश्श्याचे ढीग साठू लागले. ऑरिन स्टॅफर्ड या रसायनशास्त्रज्ञाच्या पद्धतीने त्या टाकाऊ लाकडाचा कोळसा करून, तो दळून, स्टार्चने बांधून वड्या पाडल्या गेल्या आणि फोर्डच्या गाड्यांच्या दुकानांतून विकल्या गेल्या. 1951 मध्ये धंदा विकला गेला, तेव्हा त्याला किंग्जफर्डचं नाव मिळालं. पुढच्याच वर्षी शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन यांनी समुद्रातल्या बोयाचा पोकळ गोळा कापून झाकणाचं गोल ग्रिल केलं, तेच वेबर कंपनीचं केटल. परसातल्या ग्रिलची आजची सगळी रीत या दोन वस्तूंभोवती वाढली आहे.

नेहमीच्या वडीत लाकडाच्या कोळशाखेरीज बहुधा दगडी कोळसा असतो, स्टार्च असतो, चुनखडी असते. ही यादी वाचून लोक दचकतात. मला यातली चुनखडी फार हुशारीची वाटते. वडी पेटत आली की चुनखडीमुळे तिच्यावर पांढुरकी राख दिसू लागते. सगळ्या वड्या पांढऱ्या झाल्या, की जाळी चढवायची. नवशिक्याला निखाऱ्याची धग तळहाताने अजमावता येत नाही. त्याला दिसेल अशी खूण कुणीतरी विचार करून त्या काळ्या गोळ्यात घालून ठेवली आहे.

दुसरा गुण मोजणीचा. लोखंडी जाड डच ओव्हनमध्ये रांधताना वड्या मोजून मांडतात: बारा इंची भांड्यासाठी झाकणावर पंधरा आणि खाली नऊ, म्हणजे साधारण 350 अंश फॅरनहाइट. लम्पच्या बाबतीत असा हिशेब कुणी सांगू शकत नाही. आणि सापासारखी मांडणी तर बघत राहावी अशी! केटलच्या आतल्या कडेने वड्यांची दुहेरी, दुमजली रांग अर्धवर्तुळात लावायची आणि एका टोकाला दहाबारा पेटत्या वड्या ठेवायच्या. आग एकीकडून दुसरीकडे सावकाश सरकत जाते. झाकणाखाली 225 ते 250 अंश तासन्‌तास टिकतात आणि डुकराच्या खांद्याचं चिवट मांस बोटांनी सुटण्याइतकं मऊ होतं. सगळ्या वड्या एकसारख्या आहेत, म्हणूनच हे जमतं.

राहिली चव. दोन्ही कोळसे पूर्ण पेटले की त्यांच्यात गंध देणारं फारसं उरतच नाही. ग्रिलचा जो वास आपल्याला ओढून नेतो, तो मुख्यतः निखाऱ्यांवर टपकलेल्या चरबीचा आणि रसाचा. धुराची चव हवी असेल तर हिकरीचा किंवा सफरचंदाच्या लाकडाचा ठोकळा वेगळा घालावा लागतो. अर्धवट पेटलेल्या वडीला मात्र उग्र वास असतो, आणि पेटवायचं तेल आधीच मुरवलेल्या वड्या तर मी विकत घेऊ नका असंच सांगेन. पत्र्याचं चिमणी स्टार्टर आणि कागदाचा बोळा एवढ्याने कोळसा छान पेटतो.

न्यू जर्सीच्या मराठी घरांत परसातल्या ग्रिलवर कणसं आणि भरताची वांगी चढतात, तिथे मी लम्पच्या बाजूने आहे. वांग्याला तीव्र आच हवी. साल करपून फुटली पाहिजे, आतला गर तिच्याखाली वाफेवर शिजला पाहिजे. मंद वडीवर वांगं नुसतं सुकतं. कणसालाही भराभर फिरवत भाजण्याचीच मजा. पण त्याच दुपारी अख्खी कोंबडी झाकणाखाली भाजायची असेल तर केटलच्या दोन कडांना वड्या, मध्ये चरबीसाठी ट्रे, आणि तासभर झाकण उघडायचं नाही. शेवटी कातडी कुरकुरीत करायला वरून मूठभर पेटता लम्प घातला तरी चालतो. दोन्ही एकत्र वापरू नयेत असा काही नियम नाही.

राखेचा फरक तेवढा लक्षात ठेवावा. वडीची राख बरीच जास्त पडते. लांबच्या स्वयंपाकात ती खालच्या झरोक्यांत साचून हवा अडवते, म्हणून केटलचा दांडा मधूनमधून हलवून ती खाली पाडावी लागते. कामाडो या चिनीमातीच्या ग्रिलमध्ये लोक लम्पच घालतात, त्यालाही हे एक कारण. आणि गार झालेली निव्वळ लाकडाची राख गुलाबाच्या आळ्यात थोडी पसरता येते. वडीची राख कचऱ्यातच टाकावी.