‘क्रिओल’ शब्दाचें मूळ व अर्थ : कांहीं मतांचें परीक्षण

पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीज अंमलाचा अभ्यास करणारांस ‘क्रिओल’ हा शब्द आतां नवा राहिलेला नाहीं. कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांची बोली ‘क्रिओल’, मॉरिशसची लोकभाषा ‘क्रिओल’, असें आपण वारंवार वाचतों. आणि मराठींत त्याचा अर्थ ‘मिश्र’ अथवा ‘संकरज’ असा निःशंकपणें केला जातो. ही योजना भाषेपुरती राहती तर तींत फारशी हानि नव्हती. परंतु तोच अर्थ मनांत धरून जुने कागद वाचले, म्हणजे ज्याच्या कुळांत कसलेंही मिश्रण नाहीं असा मनुष्य संकरज ठरतो, आणि एकदां तशी नोंद झाली कीं ती पुढील दहा लेखकांच्या हातून उतरत जाते. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ह्या शब्दाचा मूळ आधार जन्म व संगोपन ज्या भूमींत झालें ती भूमि हा आहे, रक्तमिश्रण हा नव्हे.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. ह्या बाबतींत तीन मतें विचारार्ह आहेत. पहिलें इंका गार्सिलासो द ला वेगा ह्याचें. हा ग्रंथकार १५३९ मध्यें पेरू देशांत कुझ्को येथें जन्मला. बाप स्पॅनिश सरदार, आई इंका राजकुळांतील. त्याच्या इंकांविषयींच्या ग्रंथाचा पहिला भाग १६०९ मध्यें लिस्बन येथें छापला गेला. त्यांत तो सांगतो कीं, हा शब्द हबशी लोकांनीं काढला. गिनी देशांत जन्मलेले हबशी स्वतःस अधिक मानाचे समजत, आणि अमेरिकेंत जन्मलेल्या आपल्या जातभाईंस वेगळें दाखविण्याकरितां हें नांव वापरीत. पुढें स्पॅनिश लोकांनींही तें उचललें व तेथें जन्मलेल्या आपल्या संततीस लावलें. दुसरें मत स्पॅनिश अकादमीच्या १७२९ च्या कोशांतील. त्याप्रमाणें हा शब्द स्पॅनिश जेत्यांनींच निर्माण केला. तिसरें मत इंग्रज व्युत्पत्तिकार स्कीट ह्याचें. १८८२ मध्यें पूर्ण झालेल्या आपल्या कोशांत तो ‘क्रियादो’ म्हणजे पोसलेला, चाकर, ह्या शब्दाचें लघुत्ववाचक रूप ‘क्रियादिल्यो’ घेतो, आणि तें हबश्यांच्या तोंडीं भ्रष्ट होऊन ‘क्रियोल्यो’ झालें असें सुचवितो.

ह्यांपैकीं स्कीटचें अनुमान आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. सरळ रूप उपलब्ध असतां मधलीं अक्षरें गाळून शब्द ओढून आणण्याचें कारण काय? पोर्तुगीजमध्यें ‘क्रियार’ म्हणजे पोसणें, वाढविणें. त्याचें मूळ लॅटिन ‘क्रेआरे’, उत्पन्न करणें. त्याच धातूपासून ‘क्रिया’ म्हणजे पोसलेलें पोर अथवा पिलूं, आणि त्याच कुळांतील ‘क्रियोलु’. शेवटच्या प्रत्ययाविषयीं मतभेद आहेत; धातूविषयीं नाहींत. स्पॅनिश लेखी पुरावा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांतला, म्हणजे पोर्तुगीज पुराव्याहून आधींचा असला, तरी शब्दाचें रूप पोर्तुगीजकडेच बोट दाखवितें. स्पॅनिश अकादमीच्या मतास केवळ विधानापलीकडे आधार नाहीं. गार्सिलासोच्या साक्षीचे मात्र दोन भाग करावयास हवेत. शब्द प्रथम कोणीं उच्चारिला, ह्याविषयीं तो ऐकीव सांगतो. परंतु शब्द कोणास लावीत, ह्याविषयीं तो त्याच देशांत वाढलेला साक्षीदार आहे, आणि ह्या भागास आम्ही मोठें मोल देतों.

पोर्तुगीज कोशकार ह्यापुढें आणखी एक पायरी दाखवितात. १७१२ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या ब्लूतोच्या कोशांत ‘क्रियोलु’ म्हणजे धन्याच्या घरीं जन्मलेला गुलाम, असा अर्थ आहे. १७८९ च्या मोराइश सिल्व्हाच्या कोशांत तोच अर्थ असून, बाहेरून विकत न घेतां घरींच जन्मलेल्या व वाढलेल्या कोंबडीसही हें विशेषण लावीत, असें उदाहरण दिलें आहे. संस्कृतज्ञांस येथें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतील सात प्रकारच्या दासांची गणना आठवल्यावांचून राहणार नाहीं. तींत ‘गृहज’ व ‘क्रीत’ असे दोन वेगळे प्रकार आहेत. रोमन लोकांचा ‘व्हेर्ना’ तोच, आणि पोर्तुगिजांचा ‘क्रियोलु’ही तोच. ‘गृहज’ ह्या शब्दांत आईबापांच्या वर्णमिश्रणाची सूचना कोणी काढीत नाहीं. मग ‘क्रियोलु’ शब्दांतच ती कां काढावी?

आतां रक्तमिश्रणाचा मुद्दा. आकोस्ता ह्या जेसुइट पंडितानें १५९० च्या आपल्या ग्रंथांत हें नांव अमेरिकेंत स्पॅनिश मातापितरांच्या पोटीं जन्मलेल्यांस दिलें आहे. १६०४ मध्यें त्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर झालें, आणि त्याच वाटेनें हा शब्द त्याच अर्थानें इंग्रजींत शिरला. स्पॅनिश अकादमीच्या उपर्युक्त कोशांतही, स्पॅनिश अथवा इंडियन नसलेल्या अन्य जातीच्या आईबापांपासून अमेरिकेंत जन्मलेला, असाच अर्थ आहे. ब्राझीलमध्यें गुलामांच्या याद्यांत ‘क्रियोलु’ म्हणजे तेथेंच जन्मलेला हबशी. आफ्रिकेंतून आणलेल्यापुढें ‘आंगोला’, ‘मिना’ अशीं नांवें, आणि मिश्र वंशाच्या माणसापुढें ‘पार्दु’ अथवा ‘मुलातु’. सर्वांत बोलका पुरावा गार्सिलासोचाच आहे. ज्या प्रकरणांत तो ‘क्रियोल्यो’चा अर्थ सांगतो, त्याच प्रकरणांत तो स्वतःस अभिमानानें ‘मेस्तिझो’ म्हणवितो. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असता तर ह्या भेदाचें प्रयोजन उरत नाहीं.

मनुष्यांच्या बाबतींत मान-अपमानाचा प्रश्न आड येतो. वनस्पतींच्या बाबतींत तो नाहीं. कोकोच्या व्यापारांत जुन्या देशी जातीस ‘क्रियोल्यो’, बाहेरून आलेल्या जातीस ‘फोरास्तेरो’ म्हणजे परकी, आणि दोहोंच्या संकरास त्रिनिदाद बेटावरून ‘त्रिनितारियो’ म्हणतात. येथें संकर आहे, परंतु त्यास नांव तिसरेंच आहे.

मग ‘मिश्र’ हा अर्थ आला कोठून? योगापेक्षां रूढि बलवत्तर, हा आपल्या शास्त्रकारांचा न्याय येथें लागू पडतो. परंतु रूढि देशपरत्वें भिन्न असते, हें विसरतां कामा नये. लुइझियानांत १८०३ नंतर अमेरिकन लोकांचा लोंढा आला, तेव्हां पूर्वीपासूनचे रहिवासी, गोरे, काळे व मिश्र सर्वच, ह्या नांवानें ओळखले जात. पुढें मिश्र वंशाचे लोक हें नांव विशेष धारण करूं लागले, तेव्हां तेथील इतिहासकार गायारे ह्यानें १८८५ च्या व्याख्यानांत, क्रिओल म्हणजे शुद्ध गोराच, असा हट्ट धरिला. हें मत ‘संकरज’ अर्थाइतकेंच एकांगी आहे. एकानें शब्दांत मिश्रण घातलें, दुसऱ्यानें शुद्धता घातली. मूळ शब्द दोहोंविषयीं मौन पाळतो.

मॉरिशसचें उदाहरण आपणांस अधिक जवळचें आहे. तेथें १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानांतून लोक जाऊं लागले, त्यांत मराठी भाषकही होते. त्यांचे वंशज आज पिढ्यानपिढ्या त्याच बेटावर जन्मतात, आणि बहुतेकांची नित्याची बोली क्रिओलच आहे. तथापि त्यांस कोणी ‘क्रिओल’ म्हणत नाहीं. तें नांव मुख्यतः आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेल्या लोकांच्या ख्रिस्ती वंशजांपुरतें उरलें आहे. शेजारच्या रेयुनियों बेटावर मात्र तें बेटावर जन्मलेल्या सर्वांस लागतें. समुद्राच्या एका पट्ट्यानें अर्थ इतका बदलतो.

भाषेच्या अर्थानें हा शब्द १६८५ मध्यें ला कूर्ब ह्या फ्रेंच प्रवाशानें सेनेगालमधील बिघडलेल्या पोर्तुगीज बोलीस लाविला आहे. १८८२ पासून शूखार्टनें, आणि त्यानंतर गोमंतकाचे सुपुत्र मोन्सिन्योर दाल्गादो ह्यांनीं, हिंदुस्थानांतील पोर्तुगीज बोलींचा अभ्यास केला, तेव्हां ही संज्ञा शास्त्रांत रुजली. मिश्रणाची कल्पना चिकटली ती ह्याच बाजूनें, असें आमचें अनुमान आहे. परंतु येथेंही अनेक भाषाशास्त्रज्ञ कामचलाऊ संपर्कभाषा व क्रिओल ह्यांत भेद करितात तो मिश्रणाच्या प्रमाणावरून नव्हे, तर मुलें ती मातृभाषा म्हणून बोलूं लागलीं कीं नाहीं ह्यावरून. म्हणजे पुनः जन्म व संगोपन हाच निकष. १७४० मध्यें चौल-कोर्लई मराठ्यांकडे आल्यावर पोर्तुगीज निघून गेले, तरी कोर्लईची बोली टिकली. मराठीच्या सहवासानें तींत क्रियापद वाक्याच्या शेवटीं जाऊं लागलें, हें खरें. पण ती जगली ती आयांनीं मुलांस शिकविली म्हणून.

हें सर्व गोव्याच्या कागदांस कसें लागू पडतें, तें सांगून लेख पुरा करितों. लिन्स्खोतेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ ह्या काळांत गोव्यांत होता. १५९६ च्या त्याच्या ग्रंथावरून दिसतें कीं, पोर्तुगीज आईबापांच्या हिंदुस्थानांत जन्मलेल्या मुलास तेथें ‘कास्तिसु’ आणि मिश्र संततीस ‘मेस्तिसु’ म्हणत. पोर्तुगालांत जन्मलेला तो ‘रेइनोल’. अमेरिकेंतील स्पॅनिश लोकांचा ‘क्रियोल्यो’ तोच आपला ‘कास्तिसु’ होय. आणि ‘कास्ता’ म्हणजे कुळी ह्या शब्दापासून झालेल्या ह्या नांवांत मिश्रणाचा गंधही नाहीं. तेव्हां संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, दप्तराची यादी करितांना हे शब्द मुळांत असतील तसेच उतरून घ्यावे, शेजारीं स्थळ व सन नोंदवावा, आणि ‘मिश्र’ हा अर्थ, कागदांतील दुसरा पुरावा तसें सांगत नसेल तर, मुळींच लिहूं नये.