नियोगी समितीचा अहवाल व ख्रिस्ती शिक्षण : चांदा जिल्ह्याच्या दृष्टीनें परीक्षण

जुन्या मध्यप्रदेश सरकारनें एप्रिल १९५४ मध्यें नेमलेल्या ख्रिस्ती मिशनरी कार्य चौकशी समितीचा अहवाल १९५६ सालीं प्रसिद्ध झाला. नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी हे समितीचे अध्यक्ष. चांदा जिल्हा, म्हणजे आजचा चंद्रपूर व १९८२ सालीं त्यांतून वेगळा निघालेला गडचिरोली, हा मुलूख त्या वेळीं मध्यप्रदेशांत मोडत असे. या अहवालावर आजवर जें लिहिलें गेलें तें बहुतेक वकिली थाटाचें आहे; एका पक्षानें तो प्रमाणग्रंथ मानला, दुसऱ्यानें तो पाहतांच बाजूस सारला. इतिहासाचें साधन म्हणून त्याची पारख करणें हा आमचा हेतु आहे, आणि तीहि एकाच मुद्द्यापुरती : ख्रिस्ती शिक्षणसंस्थांतून धर्माचा समाजव्यवस्थेशीं व राज्यकारभाराशीं संबंध विद्यार्थ्यांस कसा शिकविला जावा, या प्रश्नास अहवालानें किती न्याय दिला?

समितीच्या परिश्रमांविषयीं शंका नको. चौदा जिल्हे, सत्याहत्तर ठिकाणें, सुमारें सातशें गांवचे ११,३६० लोक, व नव्याण्णव प्रश्नांची प्रश्नावली, एवढा पसारा तिनें आवरला. परंतु अहवालाचा खरा भार सरगुजा, रायगड-जशपूर या छत्तीसगडी टापूंवर पडला आहे. चांद्याचें मिशन वेगळ्या घडणीचें होतें. तें स्कॉटिश एपिस्कोपल पंथाचें असून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या अरण्यप्रदेशांत वावरत होतें. जशपूरच्या मापानें चांदा मोजावयाचा झाल्यास तें माप येथें लागू पडतें कीं नाहीं हें आधीं दाखविणें प्राप्त होतें.

मिशनरी शिक्षणानें परक्या सत्तेची निष्ठा रुजते, हा अहवालाचा मुख्य आक्षेप. तो निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नागपूरचे बिशप अलेक्झांडर वुड हे आरंभीं चांद्याचेच मिशनरी. वेरिअर एल्विन यांनीं १९३० सालीं ‘ख्रिस्त आणि सत्याग्रह’ या विषयावर इंग्रजी पुस्तिका लिहिली व १९३२ सालीं ते मंडला जिल्ह्यांत करंजियास गोंडांमध्यें राहावयास गेले. तेव्हां धर्मोपदेशाचा परवाना हवा असल्यास बादशहाच्या निष्ठेची शपथ घ्या, असें याच बिशपांनीं त्यांस सांगितलें. एल्विन यांनीं शपथ नाकारली. १९३५ सालीं त्यांनीं इंग्लंडच्या चर्चचाच त्याग केला. धर्मपीठानें राजनिष्ठेची अट घातल्याचा याहून उघड दाखला शोधावयास नको. परंतु याच दाखल्याची दुसरी बाजूहि आहे. शपथ मागणारा जसा ख्रिस्ती, तसा ती नाकारणाराहि ख्रिस्ती, आणि त्यानें नकार दिला तो आपल्या धर्मश्रद्धेच्याच आधारावर.

ही दुसरी बाजू समितीस ठाऊक नव्हती असें म्हणतां येत नाहीं. अहेरीचे कीर्तिमंतराव यांच्या बरोबरीनें प्रा. एस. के. जॉर्ज हे तिचे एक सदस्य होते. मूळचे केरळांतील सिरियन ख्रिस्ती असलेले जॉर्ज कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजांत धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांस शिकवीत. सत्याग्रह म्हणजे क्रूसाच्या तत्त्वाचा राजकारणांतील प्रयोगच होय, असें त्यांचें मत. चर्चनें चळवळीस पाठ दाखविली तेव्हां १९३२ सालीं त्यांनीं ती जागा सोडली. १९३९ सालीं त्यांनीं गांधीजींनीं ख्रिस्ती धर्मापुढें टाकलेल्या आव्हानावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. पुढें ते वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजांत अध्यापक झाले. ख्रिस्ती तरुणास त्याचा धर्म आणि त्याचा देश यांची सांगड घालावयास शिकवितां येतें काय, या प्रश्नापायीं ज्यानें नोकरी गमावली असा मनुष्य समितीच्याच बैठकींत बसला असतां, अहवालांत शाळेचा विचार धर्मांतराचें एक दार एवढाच व्हावा, हें आम्हांस अहवालाचें सर्वांत मोठें वैगुण्य वाटतें. शाळेंत काय शिकवूं नये हें तो सांगतो. काय शिकवावें याविषयीं जवळजवळ मौन आहे.

शिफारशींत तर हें वैगुण्य अधिकच उघडें पडतें. सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांची दर तिमाहीस तपासणी व्हावी, ही सूचना वादग्रस्त असली तरी समजण्याजोगी आहे. मात्र धर्मप्रचाराचें वाङ्मय राज्यसरकारच्या मंजुरीखेरीज वांटूं नये, ही सूचना अमलांत येती तर खुद्द जॉर्ज यांचा ग्रंथ अहेरीच्या एखाद्या शिक्षकास वाटावयाचा झाल्यासहि कारकुनाची सही लागती! विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या संमतीवांचून धर्मशिक्षण लादूं नये, हें बंधन १९५० च्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमानें आधींच घातलें होतें. तेवढ्यानें कां भागत नाहीं, याची चर्चा येथें सविस्तर व्हावयास हवी होती.

आणखी एक गोष्ट नमूद करणें भाग आहे. धर्मांतरें बहुधा मनःपूर्वक नसून ऐहिक प्रलोभनानें होतात, असा अहवालाचा निष्कर्ष आहे. तो प्रसिद्ध झाल्यास पुरतें वर्षहि लोटलें नव्हतें, तोंच ऑक्टोबर १९५६ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हस्तें नागपुरास बौद्ध धर्मदीक्षेचा सोहळा झाला. त्या प्रसंगीं स्वतः डॉ. नियोगी यांनीं दीक्षा घेतली. आणि १६ ऑक्टोबर रोजीं चांद्यास हजारों लोकांनीं ती स्वीकारली. त्या लोकांस सामाजिक समता हवी होती, आणि ती हवी होती म्हणूनच त्यांची श्रद्धा खरी होती. ऐहिक हेतु व मनःपूर्वक श्रद्धा हीं परस्परांस छेद देतात, हें अहवालाचें गृहीत धरलें तर चांद्याच्या त्या समुदायाविषयीं काय म्हणावें? अध्यक्षांविषयीं काय म्हणावें? हा प्रश्न आम्ही कुचेष्टेनें करीत नाहीं. त्याचें उत्तर अहवालाच्या कसोटीनें देतां येत नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें.

संशोधकांनीं पहिल्या खंडांतील निष्कर्षांपेक्षां दुसऱ्या खंडाच्या अ व ब या दोन भागांवर अधिक वेळ खर्चावा; समितीपुढें आलेली सामग्री तेथें आहे, व ती निष्कर्षांइतकी एकसुरी नाहीं. प्रत्यक्ष कायद्याच्या दृष्टीनें चांद्यास त्या निष्कर्षांची झळ लागली नाहीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हा जिल्हा मुंबई राज्यांत गेला, आणि मध्यप्रदेशानें धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला तो १९६८ सालीं.